गाडीची मालकी आणि किल्लीची मक्तेदारी

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या संसारात घराखालोखाल मोठ्या किमतीची वस्तू कोणती, तर मोटारगाडी. शिक्षक, कारकून, लहान व्यावसायिक यांच्यापैकी पुष्कळजण ती नवी कोरी न घेता आठ-दहा वर्षे वापरलेली घेतात, आणि त्यांचा हा निर्णय आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचाच असतो. पैसे चुकते होतात, आर. सी. बुकावर नाव चढते आणि गाडी आपली झाली असे नवा मालक समजतो. काही दिवसांनी त्याच्या ध्यानात येते की, पूर्वीच्या मालकाने हाती दिलेली किल्ली एकच आहे. दुसरी केव्हाच हरवलेली आहे. किंवा किल्ल्या दोन आहेत, पण एकीच्या बटणाने दारे उघडत नाहीत. नवा रिमोट बाजारात मिळतो. परंतु तो गाडीला ओळखीचा करून द्यावा लागतो, आणि ही ओळख करून देण्याचे साधन व ज्ञान बहुधा एकाच ठिकाणी असते, ते म्हणजे उत्पादकाच्या अधिकृत सेवाकेंद्रात. तेथे सांगितली जाईल ती किंमत मुकाट्याने द्यायची किंवा रिमोटावाचून राहायचे, एवढीच निवड मालकाला उरते.

लाखो रुपयांच्या गाडीपुढे रिमोटचा खर्च तो काय, असे कोणी म्हणेल. पण या लहानशा वस्तूत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. वस्तूची पूर्ण किंमत वसूल केल्यानंतरही विकणाऱ्याची तिच्यावरील सत्ता किती काळ चालावी, हा तो प्रश्न होय. रिमोट गाडीला जोडण्याची रीत ही गाडीबरोबरच विकली गेलेली आहे, आणि म्हणून ती मालकाला व त्याने निवडलेल्या कारागिराला मिळाली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली ती दडवून ठेवल्याने चोराची अडचण फारशी होत नाही. अडचण होते ती प्रामाणिक गिऱ्हाइकाची.

रिमोट आणि किल्ली

या विषयात दोन निरनिराळ्या गोष्टींचा नेहमी घोटाळा होतो, तो प्रथम दूर केला पाहिजे. बटण दाबून दारे उघडणारा रिमोट ही एक गोष्ट आणि इंजिन सुरू होऊ देणारा इमोबिलायझर ही दुसरी. जुन्या गाडीच्या किल्लीत या दोन्ही पुष्कळदा एकाच प्लॅस्टिकच्या डोक्यात बसविलेल्या असतात, एवढेच. इमोबिलायझरची चिप बॅटरीवाचून चालते. इग्निशनच्या कुलपाभोवतालच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक गाडीला पटला नाही, तर इंजिन चालत नाही. रिमोट मात्र बटणाएवढ्या बॅटरीवर चालणारा लहानसा रेडिओ-प्रक्षेपक असतो. तो बंद पडला तरी धातूच्या पात्याने दार उघडता येते आणि गाडीही चालविता येते. युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर १९९८ पासून सक्तीचा झाला. रिमोट ही आरंभी केवळ सोय होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील रेनो कंपनीने आपल्या फ्युएगो गाडीत ती आणली आणि पुढील वीस वर्षांत ती सर्वत्र पसरली.

रिमोटचे बटण दाबले की तो आपला अनुक्रमांक आणि एक सांकेतिक संख्या हवेत सोडतो. ही संख्या दर वेळी बदलते, कारण रिमोटात एक मोजणी चालू असते आणि ती एका गुप्त संख्येच्या साहाय्याने सांकेतिक केली जाते. गाडीतील ग्राहक-यंत्र तीच मोजणी आपल्यापाशी ठेवते आणि मागे पडलेली संख्या स्वीकारत नाही. त्यामुळे कालचा संदेश टिपून आज तसाच वापरणाऱ्याची डाळ शिजत नाही. खिशात चुकून काही वेळा बटण दाबले गेले, तर मोजणी पुढे जाते. म्हणून थोड्याशा पुढच्या संख्या गाडी स्वीकारते. दक्षिण आफ्रिकेतील नॅनोटेक कंपनीत १९८० च्या दशकात तयार झालेली आणि १९९५ मध्ये अमेरिकेतील मायक्रोचिप कंपनीने विकत घेतलेली ‘कीलॉक’ नावाची पद्धती या प्रकारची असून ती अनेक मोटारींत वापरली गेली.

आता नवा रिमोट ‘प्रोग्रॅम’ करणे म्हणजे काय, हे सहज कळेल. रिमोटात काही भरावयाचे नसते. गाडीतील यंत्राला शिकण्याच्या स्थितीत आणावयाचे आणि मग रिमोटचे बटण दाबावयाचे. यंत्र त्याचा क्रमांक व मोजणी आपल्या स्मरणात नोंदवून घेते. सगळे काम काही सेकंदांचे. खरी मेख आहे ती यंत्राला शिकण्याच्या स्थितीत कोण आणू शकतो, यात. ही सत्ता कोणाच्या हाती ठेवावी, हे यंत्रशास्त्र ठरवीत नाही. ते गाडीचा उत्पादक ठरवितो.

आठ वेळा फिरविलेली किल्ली

ही सत्ता मालकाच्या हाती ठेवता येते, याचा पुरावा जुन्या गाड्यांनीच दिलेला आहे. १९९० च्या दशकाची अखेर आणि त्यानंतरची काही वर्षे या काळातील फोर्ड कंपनीच्या अनेक अमेरिकी गाड्यांत रिमोट जोडण्याची रीत मालकाच्या पुस्तिकेतच छापलेली असे. दारे बंद करून गाडीत बसावयाचे, इग्निशनची किल्ली दहा सेकंदांच्या आत आठ वेळा बंदवरून चालूवर फिरवावयाची आणि अखेरीस चालूवर ठेवावयाची. दारांची कुलपे एकदा लागून उघडली की यंत्र शिकण्यास सिद्ध झाले असे समजावयाचे. मग नव्या रिमोटचे कोणतेही बटण दाबावयाचे. कुलपे पुन्हा वाजली की काम झाले. त्यानंतर लगोलग दुसरा, तिसरा आणि चौथा रिमोटही जोडता येई. काही मॉडेलांत फेऱ्यांची संख्या वेगळी होती, पण तत्त्व एकच.

या रीतीतील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. नवा रिमोट नोंदविला जाताच पूर्वीचे सारे रिमोट यंत्राच्या स्मरणातून पुसले जात, म्हणून घरातील सगळे रिमोट हाताशी घेऊन बसावे लागे. वरवर ही गैरसोय दिसते. वास्तविक तो सुरक्षिततेचा उपाय होता. एखाद्या ड्रायव्हरने किंवा मेकॅनिकने गाडी ताब्यात असताना गुपचूप आपला रिमोट जोडला, तर मालकाचा रिमोट तत्काळ मुका होई आणि लबाडी उघडकीस येई. शिवाय ही रीत वापरण्यासाठी इग्निशनमध्ये फिरणारी खरी किल्ली हाती असणे आवश्यक होते. ज्याच्या हाती खरी किल्ली आहे, त्याला दार उघडणारे आणखी एक बटण मिळाल्याने धोका तो कितीसा वाढणार? याच गाड्यांतील इमोबिलायझरचा नियम अधिक कडक होता. तिसरी किल्ली जोडावयाची, तर आधी ओळखीच्या दोन किल्ल्या दाखवाव्या लागत. दोन नसल्यास निदान-उपकरण जोडून सुमारे दहा मिनिटे थांबावे लागे. घाईत असलेल्या चोराला ही दहा मिनिटे परवडू नयेत, हा त्यामागील हेतू.

फियाट कंपनीनेही १९९० च्या दशकात निराळा मार्ग अवलंबिला होता. गाडीबरोबर लाल डोक्याची एक मूळ किल्ली आणि सांकेतिक क्रमांकाचे एक कार्ड मालकाच्या हाती दिले जाई. नव्या किल्ल्या जोडण्यासाठी ही लाल किल्ली लागे. ती हरवल्यास मोठा खर्च ओढवे, हा या पद्धतीचा दोष होता. पण अधिकार कागदोपत्री आणि प्रत्यक्षात मालकाकडे असे, हा तिचा गुण विसरता येणार नाही. पुढील काळात मात्र अधिकाधिक उत्पादकांनी हे दरवाजे बंद केले आणि शिकण्याची स्थिती केवळ आपल्या उपकरणाच्या आज्ञेनेच येईल, अशी व्यवस्था केली. तंत्र पुढे गेले आणि मालक मागे हटला.

बांधला गेलेला ग्राहक

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर येथे दोन बाजारपेठा आहेत. गाडी विकत घेताना ग्राहकापुढे दहा कंपन्या उभ्या असतात. तेथे स्पर्धा आहे. गाडी घेतल्यावर मात्र तिच्या रिमोटपुरता तो एकाच विक्रेत्याशी बांधला जातो. रिमोट महाग पडतो म्हणून कोणी गाडी बदलीत नाही. अशा मागणीला लवचिकता जवळजवळ नसते. किंमत वाढविली तरी गिऱ्हाईक जात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोडॅक कंपनीविरुद्धच्या खटल्यात १९९२ मध्ये हाच मुद्दा मान्य केला होता. मूळ यंत्राच्या बाजारात स्पर्धा आहे, म्हणून दुरुस्तीच्या बाजारात मक्तेदारी असूच शकत नाही, हा कंपनीचा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही. यंत्र घेताना पुढील खर्चाची माहिती ग्राहकाला नसते, आणि यंत्र घेतल्यावर ते बदलणे त्याला परवडत नाही, ही दोन कारणे त्यामागे होती.

उत्पादकांचा यावर एक ठरलेला प्रतिवाद असतो. आम्ही गाडी स्वस्त देतो आणि सुट्या भागांतून भरपाई करून घेतो. ग्राहकाने दोन्ही खर्चांची बेरीज करून निवड करावी, असे ते म्हणतात. हा युक्तिवाद नव्या गाडीच्या गिऱ्हाइकाबाबतही लंगडा आहे, कारण गाडी निवडताना दहा वर्षांनंतरच्या रिमोटची किंमत कोण विचारतो? जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाबाबत तर तो सपशेल कोसळतो. पहिल्या सौद्यात सूट मिळाली असेल, तर ती पहिल्या मालकाला मिळाली; तिची भरपाई मात्र दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडून केली जाते. आणि हे दुसरे, तिसरे मालक बहुधा पहिल्याहून कमी उत्पन्नाचे असतात. म्हणजे हा एक प्रकारचा कर असून तो वरून खाली सरकत जातो आणि ज्याची ऐपत कमी त्याच्यावर अखेर येऊन पडतो.

दुसरा मुद्दा ज्ञानाच्या किमतीचा. रिमोट ही वस्तू तयार करण्यास चिप, बॅटरी, प्लॅस्टिक लागते. तिची किंमत घेणे रास्तच आहे. सेवाकेंद्रातील माणसाच्या वेळेचे मोलही दिले पाहिजे. परंतु गाडीला शिकण्याच्या स्थितीत आणण्याची रीत एकदा ठरली, की ती आणखी एका माणसाला सांगण्याचा सीमान्त खर्च शून्य असतो. जी गोष्ट सांगण्यास खर्च येत नाही, तिच्यासाठी आकारलेली किंमत हे श्रमाचे वा भांडवलाचे फळ नसते. तो टंचाई निर्माण करून मिळविलेला खंड असतो. आणि ही टंचाई निसर्गाने निर्माण केलेली नाही.

तिसरा मुद्दा जुन्या गाड्यांच्या बाजाराचा. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्याच उदाहरणावरून दाखवून दिले की, विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर चांगल्या वस्तूंचाही बाजार मोडतो. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका किल्लीवर विकली जाणारी गाडी हे या सिद्धान्ताचे चालते-बोलते उदाहरण होय. दुसरी किल्ली हरवली की कुणाच्या खिशात आहे, हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. ती यंत्राच्या स्मरणातून पुसून टाकण्याची सोय त्याच्या हाती असती, तर ही भीती तत्काळ नाहीशी झाली असती. आपल्याकडे या भीतीला विम्याचीही एक किनार आहे. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपन्या दावा मंजूर करण्यापूर्वी दोन्ही किल्ल्या मागतात. दुसरी किल्ली ही अशा रीतीने केवळ सोय राहत नाही. ती मालकाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा ठरते.

चोरीची भीती आणि गुप्ततेचा भरवसा

या साऱ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. रिमोट व किल्ल्या जोडण्याची रीत सर्वांना खुली केली तर चोरांचे फावेल, असे उत्पादक म्हणतात. इमोबिलायझरपुरते या आक्षेपात तथ्य आहे. इंजिन सुरू करून देणारी गुप्त संख्या कोणालाही मागताक्षणी द्यावी, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु नियंत्रण ठेवणे वेगळे आणि एकाच्याच हाती चाव्या ठेवणे वेगळे.

गुप्तता म्हणजेच सुरक्षितता, ही समजूत फार जुनी आहे आणि ती अनेकदा खोटी ठरली आहे. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी अ‍ॅल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब व ब्रामा या अभेद्य समजल्या जाणाऱ्या इंग्रजी कुलपांना उघडून दाखविले, तेव्हाही हा वाद झडला होता. कुलपांचे दोष चारचौघांत बोलावेत की नाहीत, यावर तेव्हाच उत्तर मिळाले होते की, चोरांना ते आधीच ठाऊक असतात; अंधारात असतो तो घरमालक. १८८३ मध्ये ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी संकेतलिपीविषयी लिहिताना तत्त्वच सांगून ठेवले की, पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली.

मोटारींच्या बाबतीत हे तत्त्व दुर्लक्षिले गेले आणि त्याचे फळही मिळाले. कीलॉक पद्धती गुप्त राखली होती. २००६ मध्ये तिचा तपशील बाहेर फुटला. २००८ मध्ये जर्मनीतील बोखुम येथील रुर विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, उत्पादकाची मूळ गुप्त संख्या एकदा काढता आली, म्हणजे हवेतून जाणारे दोन संदेश टिपून रिमोटची प्रतिकृती करता येते. मेगामॉस नावाच्या इमोबिलायझर-चिपची कथा अधिक बोलकी आहे. इंग्लंड व नेदरलंड्समधील विद्यापीठांतील संशोधकांना तिच्यात दोष आढळले. फोक्सवागेन कंपनीने २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाकडून त्यांच्या प्रबंधाच्या प्रकाशनाला मनाई मिळविली आणि तो अखेर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या दोन वर्षांत चिपमधील दोष नाहीसा झाला नाही. तो गाडीमालकांना कळला नाही, इतकेच.

जेथे नियंत्रण खरोखर आवश्यक आहे, तेथे ते ठेवण्याच्या रीती उपलब्ध आहेत. अमेरिकेत नॅशनल ऑटोमोटिव्ह सर्व्हिस टास्क फोर्स या संस्थेकडे कुलूपकारागीर आणि स्वतंत्र मेकॅनिक आपली नोंदणी करतात. त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते, आणि किल्लीचा संकेत मागताना गाडी कोणाची व तिच्या मालकाची संमती आहे काय, याची कागदपत्रे त्यांना ठेवावी लागतात. युरोपीय संघानेही ‘सर्मी’ या नावाने अशीच व्यवस्था केली असून तेथे मान्यताप्राप्त स्वतंत्र व्यावसायिकाला सुरक्षाविषयक माहिती द्यावी लागते. म्हणजे कोणी, केव्हा, कोणत्या गाडीची किल्ली केली, याची नोंद राहते. नोंदीतील कारागीर हा अंधारात काम करणाऱ्या कारागिरापेक्षा समाजाला केव्हाही अधिक सुरक्षित. आज आपल्याकडे रीत मिळत नाही म्हणून चोरवाटेने आलेली उपकरणे वापरली जातात. ती कोणाकडे आहेत आणि त्यांनी काय केले, याची नोंद मात्र कोठेच नसते.

न्यायालयांनी काय म्हटले

दुसऱ्या कंपनीने बनविलेला रिमोट वापरणे हा गुन्हा ठरावा, असाही प्रयत्न होऊन गेला आहे. अमेरिकेतील चेंबरलेन कंपनी गॅरेजचे दार रिमोटने उघडण्याची यंत्रे विकत असे. त्यांतही बदलत्या संकेताची पद्धती होती. स्कायलिंक या कंपनीने त्या यंत्रांना चालणारा स्वतःचा रिमोट बाजारात आणला, तेव्हा चेंबरलेनने स्वामित्वहक्काच्या कायद्याचा आधार घेऊन दावा लावला. २००४ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. यंत्र ज्याने विकत घेतले, त्याला ते कोणत्या रिमोटने उघडावे हे ठरविण्याचा अधिकार आहे, असा त्या निर्णयाचा आशय. पुढे मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मोटारदुरुस्तीच्या अधिकारावर जनमत घेण्यात आले आणि मतदारांनी प्रचंड बहुमताने कौल दिला. स्वतंत्र मेकॅनिकला अधिकृत विक्रेत्याइतकीच माहिती व उपकरणे रास्त दराने मिळावीत, हे त्यातील सूत्र. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादकांच्या संघटनांनी ते साऱ्या देशासाठी कराराद्वारे मान्य केले.

आपल्या देशातही या प्रश्नाचा निवाडा झालेला आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. शमशेर कटारिया यांनी २०११ मध्ये तीन मोटारकंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. चौकशीची व्याप्ती पुढे इतर कंपन्यांपर्यंत वाढली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना दोषी ठरविले आणि त्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदान-उपकरणे खुल्या बाजारात मिळू न देणे हा २००२ च्या स्पर्धा कायद्याचा भंग होय, असा आयोगाचा निष्कर्ष होता. गाडी आणि सुटे भाग मिळून एकच बाजार आहे, हा कंपन्यांचा युक्तिवाद आयोगाने फेटाळला. बाहेरच्या गॅरेजात गाडी नेली म्हणून हमी सरसकट रद्द करता येणार नाही, असेही त्याने बजावले. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंडाचे प्रमाण घटविले, परंतु मूळ निष्कर्ष उचलून धरला.

रिमोट व किल्ली जोडण्याचे साधन हे निदान-उपकरणांतच मोडते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि आदेशाला दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही जुन्या गाडीच्या मालकाला चौकातल्या चावीवाल्याकडून हे काम राजरोसपणे करून घेता येत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराविषयी समिती नेमली. तिच्या कक्षेत शेतीची अवजारे, मोबाइल फोन, टिकाऊ घरगुती वस्तू आणि मोटारी हे चार विभाग आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माहितीचे एक संकेतस्थळही सुरू झाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण कंपन्यांनी स्वेच्छेने दिलेल्या माहितीवर चालणारी व्यवस्था आणि बंधनकारक कायदा यांत अंतर आहे.

या अंतराची किंमत कोण देतो, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री बंद केली आणि तिचा तळेगावचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. त्यांच्या गाड्या मात्र आजही रस्त्यांवर धावत आहेत. विक्रेता आपले दुकान आवरतो तेव्हा रीतही त्याच्याबरोबर निघून जावी, हे कोणत्या न्यायात बसते? गाडी धडधाकट असून केवळ किल्लीच्या अभावी तिची किंमत घसरणे, ही राष्ट्रीय संपत्तीची उधळपट्टीच होय.

काय झाले पाहिजे

यातून मार्ग काढण्यासाठी फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. केवळ दारे उघडणाऱ्या रिमोटची जोडणी मालकाला स्वतः करता यावी, आणि तिची रीत मालकाच्या पुस्तिकेत मराठीसह देशी भाषांत छापलेली असावी. खरी किल्ली हाती असणे आणि जुने रिमोट पुसले जाणे, ही दोन बंधने त्यासाठी पुरेशी आहेत. इमोबिलायझरचा संकेत गाडीच्या कागदपत्रांचा भाग समजून बंद पाकिटात मालकाला द्यावा आणि तो गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जावा. नोंदणीकृत स्वतंत्र गॅरेज व किल्ली-कारागीर यांना उपकरणे रास्त दराने मिळावीत आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक असावे. जी कंपनी देशातून निघून जाईल किंवा एखाद्या मॉडेलची सेवा थांबवील, तिने त्या गाड्यांची ही माहिती सरकारने नेमलेल्या संस्थेच्या स्वाधीन करावी. धूर तपासण्यासाठी गाडीतील निदान-व्यवस्था सर्वांना वाचता येईल अशी असावी, हे आपल्या कायद्याने मान्य केलेच आहे. जो न्याय धुराला, तोच किल्लीला लावण्यात अवघड काय आहे?

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत जुनी गाडी घेणाऱ्याने स्वतःही सावध राहावे. सौदा पक्का करण्यापूर्वी दोन्ही किल्ल्या मागाव्यात आणि दोन्हींनी दारे उघडून व इंजिन सुरू करून पाहावे. एकच किल्ली असल्यास तेवढी रक्कम किमतीतून वजा करण्याचा आग्रह धरावा. रिमोट चालत नाही म्हणून तो नवा घेण्यापूर्वी बॅटरी बदलून पाहावी. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. बाहेरून सारखा दिसणारा रिमोट आतून सारखा असेलच असे नाही. अमेरिकेतील रिमोट बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर, तर युरोपात व आपल्याकडे तो बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतो. म्हणून परदेशातील नातलगाकडून स्वस्तात मागविलेला रिमोट येथे निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. शिवाय एकदा एका गाडीला जोडलेल्या काही किल्ल्या दुसऱ्या गाडीला जोडताच येत नाहीत. तेव्हा वापरलेली किल्ली घेताना भाग-क्रमांक जुळवून पाहावा. आणि किल्ली हरवलीच, तर नवी करून थांबू नये. हरवलेली किल्ली गाडीच्या स्मरणातून पुसल्याची खात्री करून घ्यावी व पोलिसांकडे नोंद करावी.

खरेदीखताने जमीन हस्तांतरित होते तेव्हा तिच्यावरील वहिवाटीचा हक्कही बरोबर येतो. विकणारा विहिरीचा रहाट आपल्याकडे ठेवून घेत नाही. गाडीच्या व्यवहारात हा साधा न्याय अद्याप यावयाचा आहे. स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये जे तत्त्व सांगितले, त्याला नियमांचे स्वरूप देऊन किल्लीपर्यंत पोहोचविणे हे आता सरकारचे काम आहे, आणि ते करून घेणे हे ग्राहक-संघटनांचे. ज्याच्या नावावर गाडी आहे, तिचे दार कोणत्या रिमोटने उघडेल हे ठरविण्याचा हक्कही त्याचाच असला पाहिजे.